‘जसजसे’पासून ‘कितीही’पर्यंत : सीमा आणि सांतत्य यांच्या व्याख्येची भाषा

कलनशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच ‘सीमा’ आणि ‘सांतत्य’ या संज्ञांशी विद्यार्थ्याची गाठ पडते. विकलन, संकलन, अनंत श्रेणींची बेरीज हा पुढचा सारा विस्तार या दोन संज्ञांवर उभा असल्यामुळे त्या या शास्त्राच्या आरंभीच निश्चित झाल्या असाव्यात, असा समज सहज होतो. इतिहास मात्र उलटा आहे. लायब्निट्सचा कलनावरील पहिला निबंध १६८४ मध्ये आणि न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘सीमा’ म्हणजे काय हे आज मान्य असलेल्या शब्दांत सांगता येण्यास त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात ग्रहांच्या कक्षा, तारांची कंपने, उष्णतेचे वहन यांची गणिते सुटत होती आणि उत्तरे बरोबर येत होती. उणीव होती ती एका वाक्याची. ते वाक्य कसे घडले आणि त्यातील कोणता शब्द कोणत्या जागी आल्यामुळे अर्थ स्थिर झाला, हा प्रश्न गणिताइतकाच भाषेचा आहे. भारतीय भाषांत हे शास्त्र आणू पाहणाऱ्यांना तो आजही टाळता येत नाही.

अडचण नेमकी कोठे होती हे एका साध्या उदाहरणावरून दिसते. उंचावरून सोडलेला दगड क्ष सेकंदांत सुमारे ४.९ क्ष² मीटर खाली येतो. पहिल्या सेकंदाच्या अखेरच्या क्षणी त्याचा वेग किती? वेग म्हणजे अंतराला काळाने भागणे. परंतु एका क्षणात अंतरही शून्य आणि काळही शून्य. शून्याला शून्याने भागता येत नाही. म्हणून त्या क्षणानंतरचा थोडासा काळ घ्यावयाचा. एक ते १.१ सेकंद या काळातील सरासरी वेग सेकंदाला १०.२९ मीटर येतो, एक ते १.०१ या काळातील ९.८४९ आणि एक ते १.००१ या काळातील ९.८०४९. थोडक्यात, काळाचा तुकडा ‘ह’ मानला तर सरासरी वेग ९.८ + ४.९ ह इतका असतो. आता ह टाकून दिला की उत्तर ९.८ मिळते. उत्तर निर्विवाद बरोबर आहे. प्रश्न आहे तो ‘टाकून दिला’ या क्रियापदाचा. भागाकार करताना ह शून्य नाही असे धरले होते, कारण तसे न धरता भागताच आले नसते. आणि शेवटी तोच ह शून्य आहे असे धरले.

बिशप जॉर्ज बर्कलीने १७३४ मध्ये लिहिलेल्या ‘द ॲनालिस्ट’ या पुस्तकात नेमक्या याच जागी बोट ठेवले. एकच राशी आधी शून्येतर आणि मग शून्य मानणारे गणिती धर्मशास्त्रातील गूढांना मात्र हसतात, हा त्याचा रोख होता. या लोपलेल्या राशींची तुलना त्याने उपहासाने मृतात्म्यांशी केली. बर्कलीचा हेतू धर्मरक्षणाचा असला तरी आक्षेप तर्कशुद्ध होता आणि त्याला सरळ उत्तर देणे त्या पिढीला शक्य झाले नाही. न्यूटनची प्रथम आणि अंतिम गुणोत्तरांची भाषा राशी लोप पावण्याच्या क्षणाकडे बोट दाखवीत होती. पण तो क्षण राशी असण्याचा की नसण्याचा, हे ती सांगत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात हे शास्त्र भारतीय भाषांत आले तेव्हा त्याला मिळालेली नावे या दृष्टीने बोलकी आहेत. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांच्या ग्रंथसंपदेत ‘शून्यलब्धिगणित’ हे कलनावरील पुस्तक आहे. काशीचे पंडित सुधाकर द्विवेदी यांनी हिंदीत लिहिलेल्या ग्रंथाचे नाव ‘चलन-कलन’ (१८८६). पहिल्या नावात शून्याशी पोहोचल्यावर हाती लागणारी लब्धी आहे, दुसऱ्यात चालणाऱ्या राशीची गणना आहे. व्हायरश्ट्रासपूर्व युरोपातील दोन प्रमुख कल्पना, लोप पावणारी राशी आणि गतिमान राशी, या दोन नावांत जणू वाटून घेतलेल्या दिसतात. शब्द म्हणून दोन्ही सुंदर आहेत, आणि ‘शून्यलब्धी’ वापरातून गेला याची हळहळ वाटावी इतका तो अर्थवाही आहे. पण बर्कलीचा आक्षेप दोहोंनाही सारखाच लागू पडतो.

मराठीत सीमेची कल्पना समजावून देताना शिक्षकाच्या तोंडी आपोआप येणारी रचना म्हणजे ‘जसजसे–तसतसे’. क्ष जसजसा अ च्या जवळ जातो, तसतसे फलाचे मूल्य ल च्या जवळ जाते. (‘फल’ म्हणजे एका राशीच्या प्रत्येक किमतीला दुसरीची एक ठरावीक किंमत नेमून देणारा नियम, क्ष ला मिळणाऱ्या किमतीला येथे फ(क्ष) म्हटले आहे.) ही रचना कानाला स्वाभाविक वाटते आणि पहिल्या परिचयाला पुरेशी आहे, परंतु ती दोन गोष्टी न सांगता गृहीत धरते. एक म्हणजे काळ: काहीतरी चालले आहे आणि ते क्रमाने चालले आहे. दुसरी म्हणजे एकदिशा वाढ: एकीकडे जवळीक वाढली की दुसरीकडेही वाढलीच पाहिजे, जसे पावसाळा सरत जाईल तसतशी नदी ओसरते. दालांबेर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या फ्रेंच विश्वकोशात १७६५ साली छापलेल्या ‘सीमा’ या नोंदीतही याच जातीची अट आहे. जवळ जाणारी राशी सीमेच्या हवी तितकी जवळ जावी, मात्र तिने सीमा ओलांडता कामा नये, असे ती नोंद सांगते.

दोन उदाहरणे या रचनेला पेलत नाहीत. सर्वत्र ७ हीच किंमत घेणारे स्थिर फल घ्यावे. त्याची सीमा ७ आहे यात शंका नसावी. पण येथे काहीच कशाच्या जवळ जात नाही, ते आधीपासून तेथेच आहे. दुसरे उदाहरण, क्ष ला १/क्ष च्या साइनने गुणून मिळणारे फल. क्ष शून्याजवळ नेला तर हे फल शून्याच्या वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. शून्याच्या कितीही लहान परिसरात ते शून्याला असंख्य वेळा ओलांडते. तरीही त्याची सीमा शून्य आहे, कारण त्याची उंची क्ष च्या उंचीहून कधीच अधिक होत नाही. ‘जसजसे–तसतसे’ म्हणावे तर ते प्रत्येक हेलकाव्यागणिक खोटे ठरते. (ओघात सांगावयाचे तर ‘साइन’ हा शब्द मुळात संस्कृत ‘ज्या’च आहे. अरबीत तो ‘जीबा’ झाला, स्वरचिन्हांवाचून लिहिला गेल्यामुळे ‘जैब’ असा वाचला गेला, आणि ‘जैब’ म्हणजे वस्त्राचा खोळ म्हणून लॅटिनमध्ये त्याचा ‘सिनुस’ झाला. गणिताच्या परिभाषेवर भाषांतराचे असे ओरखडे अनेक आहेत.)

गतीची भाषा न वापरता हा प्रश्न हाताळण्याचा एक फार जुना प्रयत्न केरळात आढळतो. आर्यभटीयावरील भाष्यात नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, पुन्हा त्याचा चतुर्थांश अशी न संपणारी बेरीज एक तृतीयांश होते, हे दाखविले आहे. लक्षणीय आहे तो त्यांनी स्वतःला घातलेला दुहेरी प्रश्न. मराठीत त्याचा आशय ‘च’च्या जागेवरून नेमका सांगता येतो: बेरीज तेवढीच वाढते हे कशावरून, आणि तेवढी वाढतेच हे कशावरून? पहिल्या प्रश्नात वरची हद्द आहे. दुसऱ्यात त्या हद्दीच्या अलीकडे कोठेही बेरीज थांबत नाही याची हमी. उत्तर उरलेल्या भागाच्या हिशोबात आहे. एका पदानंतर एक तृतीयांशास १/१२ कमी पडतो, दोन पदांनंतर १/४८, तीन पदांनंतर १/१९२. शिल्लक दर वेळी चौथाईवर येते, म्हणून कोणतीही ठरवलेली तूट शेवटी भरून निघते. यानंतरच्या काळात, १५३० च्या सुमारास, ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ संस्कृतात न लिहिता मलयाळम गद्यात लिहिला, ही गोष्टही येथे नोंदविण्याजोगी आहे. अनंत श्रेणींच्या उपपत्ती देशभाषेच्या गद्यात सविस्तर मांडता येतात, याचा तो पुरावा आहे.

युरोपात निर्णायक पाऊल पडले ते प्रागमध्ये आणि पॅरिसमध्ये. बोल्ट्सानोने १८१७ मध्ये आणि कोशीने १८२१ मधील आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यग्रंथात सांतत्याची व्याख्या केली ती फलाच्या मूल्यांतील फरकावरून. कोशीच्या सीमेच्या व्याख्येत अद्याप चलराशी एकामागून एक किमती घेते आणि स्थिर किमतीकडे जाते. म्हणजे वाक्यात गती शिल्लक आहे. पण तो प्रत्यक्ष सिद्धता देऊ लागतो तेव्हा असमतांचा आश्रय घेतो. १८२३ च्या त्याच्या पुस्तकात एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन्ही अक्षरे या कामासाठी एकत्र येतात. म्हणजे एकाच लेखकाची व्याख्या जुन्या भाषेत आणि सिद्धता नव्या भाषेत आहे. अखेर कार्ल व्हायरश्ट्रासने, जो वयाच्या चाळिशीपर्यंत माध्यमिक शाळेत शिकवीत होता, बर्लिनमधील व्याख्यानांत व्याख्येलाही त्याच भाषेत आणले. ही व्याख्याने त्याने छापली नाहीत. १८६१ च्या व्याख्यानांची एच. ए. श्वार्ट्स या विद्यार्थ्याने घेतलेली टिपणे उपलब्ध आहेत, आणि १८७२ मध्ये हाइनने छापलेल्या निबंधातून ही पद्धत सर्वत्र पोहोचली. आधुनिक विश्लेषणाचे मूळ वाक्य असे श्रवणातून आणि शिष्यांच्या वह्यांतून पसरलेले आहे.

ते वाक्य मराठीत असे मांडता येईल. क्ष हा अ कडे जाताना फलाची सीमा ल आहे, याचा अर्थ: कितीही लहान धन संख्या एप्सिलॉन दिली, तरी तिच्यासाठी एखादी धन संख्या डेल्टा अशी सापडते, की अ पासूनचे ज्याचे अंतर शून्याहून अधिक परंतु डेल्टाहून कमी आहे अशा प्रत्येक क्ष साठी फ(क्ष) आणि ल यांतील अंतर एप्सिलॉनहून कमी असते.

या वाक्यात कोणी चालत नाही. ‘जाताना’ हा शब्द केवळ व्याख्या होणाऱ्या पदात, रूढीमुळे उरला आहे. अर्थ सांगणाऱ्या भागात त्याचा मागमूस नाही. ‘जसजसे–तसतसे’ची जागा ‘कितीही–तरी’ने घेतली आहे. ही रचना काळाची नसून वादाची आहे: पूर्वपक्षाने हवी तेवढी कठोर अट घालावी, उत्तरपक्षाने ती पुरी करणारा परिसर दाखवावा. क्ष² या फलाची ३ पाशी सीमा ९ आहे, हे असे तपासतात. क्ष² आणि ९ यांतील अंतर म्हणजे (क्ष − ३) आणि (क्ष + ३) यांचा गुणाकार. क्ष ला ३ पासून एकाच्या आत ठेवले तर दुसरा गुणक ७ हून कमी राहतो. म्हणून पूर्वपक्षाने ०.०७ मागितले तर उत्तरपक्षाने ०.०१ द्यावे, एप्सिलॉन मागितले तर एप्सिलॉनचा सातवा भाग द्यावा, मात्र तो एकाहून मोठा असता कामा नये. स्थिर फल आणि हेलकावणारे फल ही दोन्ही या कसोटीस विनासायास उतरतात. बर्कलीच्या आक्षेपालाही आता लक्ष्य उरत नाही: ह ला कोणत्याही टप्प्यावर शून्य मानलेले नाही. ९.८ + ४.९ ह आणि ९.८ यांतील अंतर हवे तेवढे कमी करता येते, एवढेच विधान आहे.

व्याख्येतील ‘शून्याहून अधिक’ या तीन अक्षरी वाटणाऱ्या अटीवर थोडे थांबावयास हवे, कारण सीमा आणि सांतत्य यांतील सारा भेद तिच्यात आहे. या भेदासाठी संस्कृत व्याकरणाने फार पूर्वी दोन स्वतंत्र शब्द योजले आहेत. ‘आ’ या उपसर्गाचा ‘पर्यंत’ हा अर्थ दोन प्रकारचा असतो, मर्यादा आणि अभिविधी, असे पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायातील एका सूत्रात गृहीत धरलेले आहे. ज्या वस्तूपर्यंत म्हटले ती वस्तू वगळून जी हद्द ती मर्यादा. तिला धरून जी हद्द तो अभिविधी. पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला, हे परंपरेतील उदाहरण आहे. पाटलिपुत्रात तो पडला की नाही? मराठी ‘पर्यंत’ही हा प्रश्न उघडाच ठेवतो, ‘सोमवारपर्यंत रजा’ या अर्जावर कार्यालयांत होणारे वाद त्याची साक्ष देतील.

सीमा ही या अर्थाने मर्यादा आहे. क्ष² − १ ला क्ष − १ ने भागून मिळणारे फल पाहावे. क्ष = १ येथे त्याला किंमतच नाही; ०.९९ ला ती १.९९ आहे, १.०१ ला २.०१. सीमा २ येते. आता कोणी हट्टाने १ या बिंदूवर त्याला ५ ही किंमत दिली, तरी सीमा २ च राहते, कारण त्या बिंदूवर काय घडते हे व्याख्या विचारीतच नाही. सांतत्यासाठी मात्र विचारावे लागते. त्या बिंदूवरील किंमत आणि भोवतालच्या किमतींनी सुचविलेली सीमा या दोन्ही एकच असतील तर फल तेथे संतत आहे: मर्यादेने जे सांगितले ते अभिविधीतही टिकते. वरच्या फलाला १ पाशी २ ही किंमत दिली तर ते संतत, इतर कोणतीही दिली तर खंडित. हा भेद केवळ आपल्याकडच्या वैयाकरणांचा शौक नाही. फ्रान्समध्ये बूर्बाकी परंपरेची पाठ्यपुस्तके सीमेच्या व्याख्येतच तो बिंदू समाविष्ट करतात. त्यांच्या लेखी ५ ही किंमत दिलेल्या फलाला १ पाशी सीमाच नाही. इंग्रजी परंपरेची पुस्तके मर्यादा मानतात, फ्रेंच परंपरेची अभिविधी. आणि एका परंपरेत खरे असलेले विधान दुसरीत भाषांतरित होताना खोटे ठरू शकते.

भारतीय भाषांनी स्वीकारलेल्या संज्ञा या पार्श्वभूमीवर एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. मराठी, हिंदी आणि बंगालीत ‘सीमा’ आहे. तमिळमध्ये ‘एल्लै’, म्हणजे हद्दच. हद्द म्हटली की ओलांडू नये ही दालांबेरची अट मागच्या दाराने परत येते. ०.९९९… ही न संपणारी दशांश संख्या एकाहून किंचित कमी आहे असे अनेक विद्यार्थी ठामपणे सांगतात, त्यामागे हेच चित्र असावे: नऊ येत राहतात, कुंपणापर्यंत जातात, पण कुंपणाला हात लावत नाहीत. वस्तुतः ती संख्या कोठे जात नाही. ती एकच आहे. गुजरातीने ‘लक्ष’ हा शब्द घेतला. त्यात अडथळा नाही, रोख आहे. नेमबाजाचा बाण वर लागतो, खाली लागतो आणि तरीही लक्ष्य बदलत नाही. हेलकावणाऱ्या फलाच्या दृष्टीने हा शब्द ‘सीमे’हून सरस म्हणावा लागेल. तेलुगूत ‘अवधी’ आहे. वियोगाच्या क्रियेत जे ध्रुव, स्थिर राहते ते अवधीभूत, अशा अर्थाने वैयाकरणांनी अपादान कारकाच्या विवरणात हा शब्द वापरला आहे. मराठीत त्याचा अर्थ कालावधीपुरता आक्रसला, म्हणून तो येथे उपयोगाचा नाही. ‘फला’ची तर अधिकच विविधता आहे: हिंदीत ‘फलन’, बंगालीत ‘अपेक्षक’, गुजरातीत ‘विधेय’, तमिळमध्ये अवलंबित्व सुचविणारा ‘सार्बु’. तेलुगूत ‘प्रमेय’ म्हणजे फल. मराठी विद्यार्थी मात्र पायथागोरसचे प्रमेय शिकलेला असतो. संस्कृतोद्भव परिभाषा सर्व भारतीय भाषांना आपोआप समान होईल, या अपेक्षेची मर्यादा एवढ्या एका शब्दावरून कळते.

सांतत्याच्या बाबतीत तेलुगू ‘अविच्छिन्नता’ आणि तमिळ ‘तोडर्च्चि’ हे शब्द न तुटलेल्या, एकाला एक जोडून चाललेल्या रेषेचे चित्र उभे करतात. मराठी ‘संतत’ मध्येही ‘तन्’ म्हणजे ताणणे आहे. पेन्सिल न उचलता काढता येईल तो आलेख संतत, हे वर्गातील स्पष्टीकरण त्याच चित्राचे रूप. ऑयलरच्या १७४८ मधील ग्रंथात तर संतत म्हणजे एकाच सूत्राने सांगता येणारी वक्ररेषा. मध्येच सूत्र बदलले की ती खंडित. चित्र आणि सूत्र दोन्ही कालांतराने अपुरी ठरली. कोशीने १८४४ मध्ये दाखवून दिले, की दोन सूत्रांनी सांगितलेले फल वर्गमूळ वापरून एकाच सूत्रातही सांगता येते. मग ते संतत की खंडित? दार्बूने १८७५ मध्ये स्पष्ट केले, की दोन किमतींमधील प्रत्येक किंमत घेणारे फलही खंडित असू शकते. १/क्ष ची साइन, शून्यापाशी शून्य ही किंमत देऊन, हे त्याचे सोपे उदाहरण. टोमे या जर्मन गणितज्ञाचे, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले फल प्रत्येक अपरिमेय संख्येपाशी संतत आणि प्रत्येक परिमेय संख्येपाशी खंडित आहे. व्हायरश्ट्रासने १८७२ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवलेले फल सर्वत्र संतत आहे, पण त्याला कोठेही स्पर्शिका नाही. कोणत्याही पेन्सिलीने ते काढता येणार नाही. व्याख्येने शब्दातील चित्राचा निरोप घेतला तो येथे.

यापेक्षाही सूक्ष्म आणि भाषेच्या अभ्यासकाला अधिक जवळचा प्रश्न पदक्रमाचा आहे. ‘विभागातील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक मार्गदर्शक आहे’ आणि ‘विभागात एक मार्गदर्शक असा आहे, की जो प्रत्येक विद्यार्थ्याचा मार्गदर्शक आहे’ या दोन वाक्यांतील शब्द जवळजवळ तेच आहेत. दुसऱ्या विभागात त्या मार्गदर्शकाचे काय होत असेल याची कल्पना कोणत्याही विद्यापीठात करता येईल. क्ष² हे फल प्रत्येक बिंदूपाशी संतत आहे. एप्सिलॉन म्हणून १ मागितला तर ३ पाशी १/७ हा डेल्टा पुरतो. १०० पाशी १/२०१ इतका लहान घ्यावा लागतो. १००० पाशी १/२००१. प्रत्येक बिंदूसाठी डेल्टा आहे, परंतु सर्व बिंदूंना पुरेल असा एक डेल्टा नाही. पहिल्या प्रकारच्या सांतत्याहून दुसरे, ज्याला एकविध सांतत्य म्हणतात, ते बलवत्तर आहे, आणि दोहोंतील फरक केवळ ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांपैकी कोण आधी येते एवढाच आहे.

या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत कोशीच्याच ग्रंथात दिसते. संतत फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज संतत असते, असे प्रमेय त्याने १८२१ मध्ये सिद्ध केले. पाच वर्षांनी, १८२६ मध्ये, नील्स हेन्रिक आबेल या तरुण नॉर्वेजियन गणितज्ञाने एका निबंधाच्या तळटीपेत, अत्यंत सौम्य शब्दांत, त्याला अपवाद असल्याचे नमूद केले. क्ष ची साइन, वजा २क्ष च्या साइनचा निम्मा भाग, अधिक ३क्ष च्या साइनचा तिसरा भाग, अशी ती श्रेणी. प्रत्येक पद संतत. पण क्ष १८० अंशांच्या किंचित अलीकडे असताना बेरीज सुमारे १.५७, बरोबर १८० अंशांवर शून्य, आणि किंचित पलीकडे उणे १.५७. प्रत्येक बिंदूपाशी पुरेशी पदे घेतली की बेरीज हवी तेवढी अचूक मिळते, पण सर्व बिंदूंना एकाच वेळी पुरेल अशी पदांची संख्या नाही: प्रत्येक विद्यार्थ्याचा मार्गदर्शक वेगळा. हा भेद १८४७ च्या सुमारास झायडेल आणि स्टोक्स यांनी स्वतंत्रपणे उलगडला आणि व्हायरश्ट्रासने त्याला पद्धतीचे रूप दिले.

कोशी खरोखर चुकला होता का, हा वाद अजून संपलेला नाही. १८५३ मध्ये त्याने स्वतः ते प्रमेय ‘नेहमी’ या क्रियाविशेषणाचा अर्थ ताणून दुरुस्त स्वरूपात मांडले. अब्राहम रॉबिन्सनने १९६० च्या दशकात अनंतसूक्ष्म राशींना तर्कशुद्ध पाया दिल्यानंतर इम्रे लाकाटोशसारख्या अभ्यासकांनी असा पक्ष घेतला, की कोशीचे ‘प्रत्येक क्ष’ हे शब्द व्हायरश्ट्रासच्या संख्यारेषेवर वाचणे हाच कालविपर्यास आहे. त्याच्या स्वतःच्या संख्याविश्वात अनंतसूक्ष्म बिंदूही होते आणि तेथे प्रमेय खरे ठरते. जुनी संहिता नंतरच्या परिभाषेत वाचावी की तिच्या स्वतःच्या, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. प्रस्तुत वादात लाकाटोशचे वाचन कोशीला जरा जास्तच झुकते माप देते असे वाटते, कारण ते विश्व कोशीने कोठेही रेखाटलेले नाही. पण आबेलची तळटीप हाच शेवटचा शब्द, असेही मानता येत नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१–२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे वर्ग चालविण्यास मान्यता दिल्यानंतर कलनाची पाठ्यपुस्तके भाषांतरित होण्याचे काम नव्याने सुरू झाले आहे. अशा कामात चर्चेचा बराच वेळ संज्ञांवर खर्च होतो: सीमा की लक्ष, सांतत्य की संततता. यांपैकी काहीही घेतले तरी व्याख्या बिघडत नाही. बिघडते ती वाक्यरचनेत. इंग्रजी वाक्यात ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी’ हे पद कधी आरंभी येते, कधी शेवटी लोंबकळते. मराठी क्रियापद वाक्याच्या अखेरीस जात असल्यामुळे भाषांतरकाराला सर्व पदे नव्याने लावावी लागतात. ‘कोणत्याही एप्सिलॉनसाठी डेल्टा सापडत असेल तर’ असे त्याने लिहिले, तर ‘कोणत्याही’चा अर्थ ‘प्रत्येक’ की ‘निदान एखाद्या’, हे वाचकाने ठरवावयाचे राहते. ‘एखादा डेल्टा असा असतो, की प्रत्येक एप्सिलॉनसाठी…’ असे लिहिले, तर कानाला काहीच खटकत नाही. पण त्या डेल्टाच्या परिसरात फ(क्ष) आणि ल यांतील अंतर प्रत्येक धन संख्येहून कमी, म्हणजेच शून्य, ठरते. एप्सिलॉन आधी आणि डेल्टा नंतर हा क्रम उलटला, की ज्या फलाला सीमा आहे ते फल त्या बिंदूच्या आसपास स्थिर असलेच पाहिजे, असे विधान छापले जाते. पडणाऱ्या दगडाचा सरासरी वेग मग ९.८ वरून हलतच नाही, आणि १०.२९ हा आकडा कोठून आला हे त्या पुस्तकातून कळणार नाही.